माग आधी, सीमा नंतर

इचलकरंजी

चि. सायली हिस,


तुझी बदली आमच्या गावी झाल्याचं ताईकडून कळलं. ‘सीमेवरचं आडगाव’ म्हणून तुझ्या सासरी नाकं मुरडली, हेही कळलं. सीमा जवळ आहे हे खरं. बोरगावच्या वाटेला लागलं की थोड्याच वेळात पाट्या कानडी होतात. पण ही राज्याची सीमा 1956 ची. निपाणी-बोरगाव तोवर मुंबई राज्यातच होतं. इथे पहिला यंत्रमाग बसला 1904 साली. आमचा माग सीमेपेक्षा 52 वर्षांनी थोरला, हे त्यांना जरूर सांग.

तो पहिला माग विठ्ठलराव दातारांनी बसवला. तेव्हा जहागीर नारायणराव बाबासाहेब घोरपड्यांची होती आणि त्यांचं पाठबळ होतं. हे घोरपडे मूळचे जोशी. नारो महादेव जोशी सेनापती संताजी घोरपड्यांच्या पदरी होते. धन्यावरच्या निष्ठेपोटी त्यांनी आडनावच बदललं. पुढे त्यांच्या मुलाला पहिल्या बाजीरावाची बहीण अनुबाई दिली. एवढी मोठी सोयरीक, पण गावाचं नाव झालं ते सुताने. (आणि गाण्याने. गायक बाळकृष्णबुवा इथलेच म्हणून ओळखले जातात, आणि पलुसकर त्यांचे शिष्य. 1974 चं साहित्य संमेलनही इथेच झालं, पु. लं.च्या अध्यक्षतेखाली.)

मुंबईसारखी गिरणी आणि तिचा एक शेठ, असं इथे झालं नाही. कुणी घराच्या पडवीत, कुणी भाड्याच्या गाळ्यात चार माग टाकले, आणि अशा चार-चारांनी पुढे लाखावर माग झाले. व्यापाऱ्याकडून बीम (ताण्याचं सूत गुंडाळलेला रूळ) घ्यायचं, मजुरीवर कापड विणून द्यायचं. अशा माणसाला इथे खर्चीवाला म्हणतात. तो मालक खरा, पण मंदी आली की कामगाराआधी तोच कोलमडतो. कापडाला भाव नाही, विजेचा दर वाढला, एवढं दोनदा ऐकलंस की गावाची तब्येत कळेल. सहकारी सूतगिरण्या निघाल्या, ऑटोलूम म्हणजे स्वयंचलित माग आले. जुने साधे माग भंगारात गेले. कामाला माणसं मात्र अजून येतात. पूर्वी कर्नाटकातून, सोलापूरकडून यायची. आता उत्तर प्रदेश, बिहार, ओडिशातूनही येतात. त्यांच्यासाठी सीमा कुठली?

आमचं खरं दुखणं पाण्याचं आहे. पंचगंगा उशाशी, पण तिचं आम्हीच आणि वरच्या गावांनी गटार केलं. 2012 मध्ये काविळीची साथ आली, माणसं गेली. भिस्त कृष्णेवर. वारणेचं पाणी मागितलं, तिथली गावं उठली. दूधगंगेचं मागितलं, तिथेही तेच. मला त्या शेतकऱ्यांचा राग येत नाही. स्वतःची नदी घाण करून दुसऱ्याच्या नदीवर हक्क सांगणाऱ्याला कोण पाणी देईल?

2022 मध्ये गाव महानगरपालिका झालं. नळाला रोज पाणी अजून नाही, आणि रेल्वेही गावात येत नाही. हातकणंगल्याला उतर, मी गाडी घेऊन येतो. घर बघशील तेव्हा भाडं नंतर विचार, टाकी केवढी आहे ते आधी विचार.

तुझा,
मामा