अर्धा कोयता

एखादा देश दारिद्र्याशी कसा झुंजतो आणि माणसांचे हक्क कसे राखतो, याचा लेखाजोखा मांडताना आकडा किती, हे आपण प्रथम पाहतो. त्याही आधी विचारायला हवे ते असे : मोजले कोणाला? बीड जिल्ह्यातील ऊसतोडीच्या बोलीत नवरा-बायकोच्या जोडीला 'एक कोयता' म्हणतात, एकट्या माणसाला 'अर्धा कोयता'. साधनावरून ते धरणाऱ्याचा बोध, म्हणून आम्ही साहित्याचे विद्यार्थी याला लक्षणा म्हणून मोकळे होऊ. मुकादमाच्या वहीत मात्र हा रोकडा हिशेब असतो. उचल कोयत्याला मिळते, ती बहुधा पुरुषाच्या हाती पडते. फेडायची मात्र दोघांनी.

नीती आयोगाच्या 2023 च्या अहवालानुसार 2015-16 ते 2019-21 या काळात देशातील बहुआयामी दारिद्र्य 24.85 टक्क्यांवरून 14.96 टक्क्यांवर आले. हे यश नाकारण्याचे कारण नाही. पण या मोजणीचेही एकक कुटुंबच आहे. घरात वीज, शौचालय, बँकखाते आहे का, असे ती विचारते. दसरा-दिवाळीनंतर त्याच घराला कुलूप लागते आणि पुढचे पाच-सहा महिने पश्चिम महाराष्ट्रात किंवा कर्नाटकात, फडाजवळच्या कोपीत जातात. तिथल्या अंधाराला आणि उघड्यावरच्या न्हाणीला या तक्त्यात रकाना नाही. ज्या श्रमाने घरात चार वस्तू आल्या, तो श्रम मोकळेपणाने केलेला होता काय, हेही त्यात विचारलेले नसते.

कायद्याने ते विचारलेले आहे. आगाऊ रकमेपोटी माणसाला कामाशी जखडणे 1976 च्या वेठबिगार निर्मूलन कायद्याने बेकायदा ठरवले. 1982 साली एशियाडच्या बांधकाम मजुरांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने त्याहून पुढचे सांगितले : पोटाची निकड हीसुद्धा सक्तीच होय आणि किमान वेतनाहून कमी मोबदल्यात घेतलेले काम संविधानाच्या अनुच्छेद 23 ला छेद देते.

पर्यायही याच महाराष्ट्राने शोधला होता. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून उभी राहिलेली रोजगार हमी योजना 1979 साली कायद्याच्या रूपाने अमलात आली. आर्थिक, सामाजिक व सांस्कृतिक हक्कांचा आंतरराष्ट्रीय करार भारताने स्वीकारला तोही त्याच वर्षी. 2005 साली केंद्राने कायदा करून ग्रामीण कुटुंबाला वर्षाकाठी 100 दिवस कामाची हमी दिली. तरीही बीडचे कोयते थांबले नाहीत. हमीचे पैसे कामानंतर मिळतात आणि पुष्कळदा रखडतात. मुकादम कामाआधी देतो, एकरकमी देतो. मुलीचे लग्न, दवाखाना, जुने देणे यांना मस्टर भरेपर्यंत धीर नसतो. आणि इथेही हमी कुटुंबालाच होती, हे विसरता येत नाही.

बाईला बाई म्हणून मोजले गेले ते 2019 मध्ये. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील समितीच्या पाहणीत जिल्ह्यातील 82,309 ऊसतोड स्त्रियांपैकी 13,861 जणींचे गर्भाशय काढलेले आढळले, म्हणजे सुमारे 17 टक्के. 2015-16 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत 15 ते 49 वयोगटासाठी देशाचे प्रमाण 3 टक्क्यांच्या आसपास होते. तुलना तंतोतंत नाही, पण अंतर झाकण्याजोगेही नाही.

त्यानंतर अशा शस्त्रक्रियेपूर्वी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी आवश्यक झाली. ते योग्यच झाले. पण दवाखान्याच्या आधी फड येतो. पाळीच्या दिवसांत डोक्यावर मोळी घेऊन ट्रकच्या फळीवर चढायचे, पाण्याची आणि आडोशाची सोय नाही. एक दिवस अंग टाकले तर 'खाडा' पडतो आणि दंड उचलीत चढतो. या हिशेबात दुखणारे गर्भाशय ही अडचण ठरते आणि ते काढून टाकणे हा व्यवहार. डॉक्टरचा लोभ आणि भीती घालणे हे दोष आहेतच, पण त्यांना गिऱ्हाईक पुरवतो तो खाडा. परवानगी शस्त्रक्रियेला लागते, खाड्याला लागत नाही.

म्हणून देशाच्या प्रयत्नांची प्रतवारी लावताना आम्ही टक्केवारीच्या शेजारी आणखी दोन प्रश्न ठेवू इच्छितो. ऊस तोडणाऱ्या बाईची मजुरी तिच्या नावे, तिच्या हातात पडते काय? आणि आजारी पडल्याच्या दिवशी तिला दंडाविना निजता येते काय? दारिद्र्य आणि हक्क यांचे अहवाल वेगवेगळ्या कार्यालयांत लिहिले जातात. ते भोगणारे शरीर मात्र एकच असते, आणि ते अर्धे नसते.