नावापलीकडचं नातं

सहाव्या दिवशी थेंबात सुयांसारखं काहीतरी चमकलं आणि मायक्रोस्कोपवरून डोळा हलेना. कव्हरस्लिपला उलटा लटकलेला इवलासा थेंब. खालच्या खळग्यातलं क्षारांचं द्रावण वाफेच्या वाटेनं त्यातलं पाणी ओढून घेतं, आणि कधीतरी प्रथिनाचे रेणू ओळीनं उभे राहून स्फटिक बनतो. घाई झाली तर नुसताच साका.

माझं एन्झाईम पेनिसिलीन अ‍ॅसायलेज. पुण्यात राहून त्यावर काम करताना एक जवळीक वाटते. पिंपरीत १९५४ साली हिंदुस्तान अँटिबायोटिक्स उभी राहिली. पाषाणच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतल्या संशोधकांनी यॉर्कच्या सहकाऱ्यांबरोबर बॅसिलस स्फेरिकस या जिवाणूतल्या पेनिसिलीन व्ही अ‍ॅसायलेजची रचना १९९९ मध्ये प्रसिद्ध केली.

पेनिसिलीनवर दोन एन्झाईमं कात्री चालवतात. काम एकच, पाण्याच्या मदतीनं अमाइड बंध तोडायचा. बीटा-लॅक्टमेज चार अणूंचं कडं फोडतं, औषध मेलं. अ‍ॅसायलेज कड्याला हात लावत नाही, बाजूची शेपटी तेवढी छाटतं. उरलेल्या गाभ्याला नवी शेपटी जोडली की अ‍ॅम्पिसिलीन, अमॉक्सिसिलीन. कुठे कापलं, एवढ्यावर सगळं ठरतं.

ई. कोलायमधलं पेनिसिलीन जी अ‍ॅसायलेज तर आधी स्वतःलाच कापतं. एकसंध साखळी म्हणून ते जन्मतं, मधला ५४ अमिनो आम्लांचा दुवा काढून टाकतं आणि तेव्हा कुठे दुसऱ्या साखळीच्या टोकाशी कामाचं सेरीन मोकळं होतं. व्ही अ‍ॅसायलेजमध्ये त्या जागी सिस्टीन बसतं. दोघांच्या अमिनो आम्लांचा क्रम वाचला तर ओळखदेख लागत नाही. घडी मात्र एकाच घराण्याची: मध्ये बीटा पट्ट्यांचे दोन थर, दोन्ही बाजूंना अल्फा मळसूत्रं.

त्याहून मला थांबवणारी गोष्ट वेगळी आहे. व्ही अ‍ॅसायलेजचं सख्खं नातं निघालं आतड्यातल्या जिवाणूंच्या, पित्तक्षार तोडणाऱ्या एन्झाईमशी. पेनिसिलीन हे नाव आपण दिलेलं, आपल्या गरजेपोटी. जिवाणूला त्याच्या मातीत हे एन्झाईम कशासाठी हवं असेल? उपयोग विचारण्याची सवय इतकी जडली आहे, की हा प्रश्न मनात यायलाही मला दोन वर्षं लागली.

त्या सुया क्ष-किरणांसाठी फार बारीक निघाल्या. क्षार किंचित कमी करून आज पुन्हा चोवीस थेंब लावले आहेत.