सोळा घरांची आळी

मैत्रिणींनो, जुना अल्बम उघडला की आपण आधी काय पाहतो? माणसं! कोण जाड होतं, कोणाचे केस लांब होते. मागे दिसणाऱ्या घराकडे, उंबऱ्याकडे, दोरीवरच्या कपड्यांकडे कोणाचं लक्षच जात नाही. आज मात्र माणसांबरोबर घरंही नीट बघायची. ही छायाचित्रे आहेत दूर स्कॉटलंडमधल्या एका गावाची. त्या गावात आज त्यांतले एकही कुटुंब नांदत नाही.

स्कॉटलंडच्या पश्चिमेला, अटलांटिक महासागरात सेंट किल्डा नावाचा बेटांचा पुंजका आहे. जवळचे वस्तीचे बेटसुद्धा सुमारे ६५ किलोमीटर लांब! त्यातल्या हिर्ता या मोठ्या बेटावर एकच गाव, आणि गावाला एकच रस्ता. १८७७ पासून उन्हाळ्यात पर्यटकांना घेऊन आगबोटी येऊ लागल्या आणि त्यांच्याबरोबर कॅमेरेही आले. ॲबर्डीनच्या जॉर्ज वॉशिंग्टन विल्सन यांच्या कंपनीने १८८६ च्या सुमारास घेतलेली इथली चित्रे खूप गाजली. त्या कंपनीच्या काचेच्या हजारो तबकड्या ॲबर्डीन विद्यापीठाने जपून ठेवल्या आहेत.

सर्वांत प्रसिद्ध चित्रात गावचे पुरुष रस्त्यावर ओळीने उभे आहेत. ही म्हणे इथली ‘पार्लमेंट’! रोज सकाळी पुरुषांनी जमायचे आणि दिवसाची कामे ठरवायची. यात बाई एकही नाही. मग बायका होत्या कुठे? दुसरी चित्रे पाहा, म्हणजे कळेल. कोणाच्या पाठीवर ओझे, कोणाच्या हातात विणकामाच्या सुया, आणि बऱ्याच जणी अनवाणी. गाईम्हशींसारखी मेंढीचीही धार काढायची, लोकर कातायची, उन्हाळ्यात पफिन पक्षी पकडायचे, पिसे काढायची. बोट आली की मोजे-हातमोजे विकायला पुन्हा याच पुढे. मीठ-तेल असो नाहीतर लोकर, संसार कोणाच्या हातावर चालतो हे काय तुम्हांला सांगायला हवं?

आता घरांकडे वळू या. रस्त्याच्या कडेला सोळा घरे एका ओळीत दिसतात ना? १८६० नंतर दोनएक वर्षांत ती बांधली गेली. दोन्ही टोकांना धुराडी, समोर काचेच्या खिडक्या, वर जस्ताचे पत्रे. त्यांच्या अधूनमधून काही बुटकी, गवताने शाकारलेली घरे दिसतात. ती आधीची. जाड दगडी भिंती, मध्ये चूल, धुराड्याचा पत्ता नाही, आणि एका टोकाला गाय बांधलेली. नवी घरे आल्यावर जुन्यांत गुरे राहू लागली. गंमत अशी, की नवी घरे दिसायला नेटकी, पण त्या वादळी वाऱ्यात जुनीच जास्त उबदार होती!

डोंगरउतारावर दगडी घुमट्यांसारखे काही दिसेल. त्यांना म्हणतात क्लेट. हे त्यांचे कोठीघर! दगड चुन्याशिवाय रचलेले, म्हणजे फटींतून वारा खेळता राहतो. वर गवताच्या ढेकळांचे छप्पर, म्हणजे पाऊस आत येत नाही. समुद्रपक्ष्यांचे मांस, अंडी, सरपण सगळे इथेच साठवायचे. अशा क्लेट एकट्या हिर्तावर बाराशेहून अधिक आहेत.

आणखी एक करा. चित्रांतली लहान मुले मोजा. फार थोडी भरतात. एकोणिसाव्या शतकात इथली निम्म्याहून अधिक बाळे जन्मानंतर थोड्याच दिवसांत धनुर्वाताने जात. अँगस फिडिस नावाच्या पाद्र्याने ग्लासगोला जाऊन बाळाची नाळ जंतुनाशक वापरून स्वच्छ कशी ठेवायची ते शिकून घेतले, तेव्हा कुठे १८९० नंतरच्या दशकात हे थांबले. त्या दारांत बसलेल्या बायकांच्या गंभीर चेहऱ्यांमागे किती रिकामे पाळणे असतील, कोण जाणे.

पुढे तरुण मुले बेट सोडून जाऊ लागली. होडी ओढायलासुद्धा हात पुरेनात. १० मे १९३० रोजी वीस जणांनी सह्या करून सरकारला अर्ज केला, आम्हांला इथून न्या. त्या दिवसांतलीही चित्रे आहेत. धक्क्यावर पेट्या, खुर्च्या, सूत कातायचे चाक. २९ ऑगस्टला उरलेले छत्तीस जण ‘हेअरबेल’ या जहाजातून निघाले. निघण्यापूर्वी प्रत्येक घरात बायबल उघडे ठेवले आणि शेजारी ओटची छोटी रास, असे सांगतात. रिकाम्या घराला कुलूप लावताना मूठभर धान्य ठेवावेसे वाटणे, बाईच्या मनाला हे लगेच कळते, नाही का? ज्या बेटावर एक झाड नव्हते, तिथल्या कित्येक पुरुषांना पुढे सरकारी जंगलखात्यात काम मिळाले!

आज ही बेटे ‘नॅशनल ट्रस्ट फॉर स्कॉटलंड’ सांभाळते. काही घरांवर पुन्हा छप्पर चढले आहे, एकात छोटे संग्रहालय आहे. बाकीच्यांच्या नुसत्या भिंती. भिंत कोणाची, दार कोणाचे, हे समजायला जुनी चित्रेच उपयोगी पडतात. पण पर्यटकांच्या कित्येक चित्रांखाली एवढेच लिहिलेले असते, ‘सेंट किल्डाची बाई’. ना नाव, ना घर.

म्हणून म्हणते, या रविवारी आपला अल्बम काढा. सासूबाईंना, आईला जवळ बसवा. हे अंगण कुठलं, ही पाटा-वरवंट्यापाशी बसलेली कोण, सगळं विचारा. आणि फोटोच्या मागे मऊ पेन्सिलीने, हलक्या हाताने लिहून ठेवा. शाई नको हं, ती पुढे उमटते. उद्या आपल्या नातीने फोटो हातात घेतला, तर तिला नुसती ‘एक बाई’ दिसू नये.