वर्धेचें पात्र आणि नावेचें पोट

आर्वीहून पश्चिमेस निघालें म्हणजे देऊरवाड्यापाशीं वर्धा नदी आडवी येते. पैलतीरीं रुक्मिणीचें माहेर म्हणून विख्यात असलेलें कौंडिण्यपूर. हाच प्रवाह वरच्या अंगास वरूड तालुक्यास लागून येतो. तेथें झुंज या ठिकाणीं ता. १४ सप्टेंबर २०२१ रोजीं नाव उलटली आणि अकरा माणसें बुडालीं. तेव्हांपासून या नदीकडे पाहिलें कीं एकच प्रश्न मनांत येतो : नाव उलटल्यावर माणसाच्या हातीं धरावयास काय उरतें?

लांकडी नाव पाण्यानें भरली तरी बहुधा तरंगत राहते. लोखंडी नाव भरली कीं सरळ तळ गांठते.

उपाय नवा नाहीं. आमच्या बाळपणीं विहिरींत पोहावयास शिकतांना पाठीस वाळका भोपळा बांधीत. भोपळे किंवा ओंडके एकत्र बांधून केलेल्या तराफ्यास सांगड म्हणत. ‘सांगड घालणें’ आपण रोज म्हणतों, पण सांगड पाहिलेली माणसें आतां थोडीं! भोपळ्याचें एक वैगुण्य असे. त्यास तडा गेला कीं पाणी आंत शिरे.

हल्लीं कयाक म्हणून एक अरुंद, चिंचोळी होडी मिळते. मूळची ती उत्तर ध्रुवाकडील शिकाऱ्यांची, कातड्यानें मढविलेली, आतां प्लॅस्टिकची. तिच्या पोटांत फोमचे ठोकळे बसवितात. ठोकळ्यानें व्यापलेली जागा पाण्यास मिळत नाहीं. शिवाय मध्यें उभा केलेला ठोकळा खांबासारखा वरच्या पाठीस आधार देतो, म्हणून ती दबत नाहीं. मात्र फोम बंद छिद्रांचा हवा. स्पंज कामाचा नाहीं, तो पाणी पितो.

आतां शाळेंतील गणित मांडूं. एक घनफूट थर्माकोल सुमारें २८ लिटर पाणी बाजूस सारतो, स्वतः किलोभरही भरत नाहीं. म्हणजे २७ किलो सहज उचलतो. २०० किलोंची लोखंडी नाव पाण्यांत सुमारें १७५ किलो भरते. बुडत्याचें डोकें वर राहण्यास सातेक किलोंचा आधार पुरे; बारा जणांस ८४ किलो. एकूण दहा घनफूट! दोन मोठ्या ट्रंकांएवढी जागा. त्यापलीकडे कांहीं नाहीं.

ते ठोकळे तळाशीं मात्र दडपूं नयेत. भरलेली नाव त्यानें पालथी होते. दोन्ही टोकांस आणि दोन्ही कडांलगत, शक्य तितके वर, घट्ट जखडून बसवावे. थर्माकोल उन्हानें भुरभुरतो, पेट्रोलनें विरघळतो, आणि त्याचे कण मासे गिळतात. म्हणून त्यावर जाड आवरण हवें. तरणजाकीट अंगांत हवेंच, तें निराळें.