गोळा किती किलोचा?

मुलांनो, आमचे जाम तुमच्यापैकी पुष्कळांनी एसटीच्या खिडकीतून पाहिले असेल. नागपूरहून हिंगणघाटकडे निघालात की वाटेत जाम चौरस्ता लागतो. तिथून एक रस्ता वरोऱ्यावरून चंद्रपूरला जातो. लोक उतरतात, चहा घेतात आणि पुढे जातात. पण पहाटे साडेपाचला याल तर वेगळेच गाव दिसेल. शेताच्या रस्त्याने मुले-मुली धावत असतात. कुणी दंड मारते, कुणी उठाबशा काढते. ही सगळी पोलीस भरतीची तयारी, बरं का!

भरतीच्या मैदानी चाचणीला ५० गुण असतात. मुलांना १६०० मीटर धावायचे, मुलींना ८०० मीटर, शिवाय दोघांना १०० मीटर. आणि १५ गुण गोळाफेकीला. मुलांचा गोळा ७.२६० किलोचा, मुलींचा ४ किलोचा. आजची गोष्ट या गोळ्याचीच आहे.

मी प्राथमिक शाळेत शिकवते. चौथी झाली की माझी मुले मोठ्या शाळेत जातात, पण जाता-येता फाटकाशी थांबून काहीबाही विचारतात. अशीच एक मुलगी, आता नववीत आहे. तिच्या चुलतभावांनी भरतीसाठी मोठा गोळा आणला होता आणि तीही तोच फेकत होती. मी म्हटले, "अगं, तुझा गोळा चारचा आहे ना?"

"तो तं पोरींचा गोळा हाय, मॅडम. मोठ्यानं सराव केला तं लहान आपोआप दूर जाईन."

तिचे म्हणणे तुम्हालाही पटले असेल. ऐकायला बरोबरच वाटते.

आणि त्याच आठवड्यात तिची आई शाळेत आली. तिचे म्हणणे अगदी उलट. "मॅडम, तिले समजावून सांगा. वजन उचल्लं का उंची खुंटते म्हन्तेत. भरतीत एकशे पंचावन्न पाह्यजे." खरेच, भरतीत मुलींना किमान १५५ सेंटिमीटर उंची लागते आणि ही तेव्हा १४९ होती. म्हणजे मुलीला सर्वांत जड वजन हवे आणि आईला वजनच नको. भरतीला १८ वर्षे पूर्ण लागतात, म्हणून हातात चार वर्षे होती. पण घरात रोज भांडण. चुलीत घालीन तो गोळा, इथपर्यंत पाळी आली होती. आता लोखंडाचा गोळा चुलीत घालून काय होणार, ते आईच जाणे!

मी आधी मैदानावर जाऊन तिचे फेकणे पाहिले. पहिली फेक बरी होती. तिसरीला कोपर खाली पडले. पाचवीला कंबर मागे वाकली. आठवी फेक म्हणजे गोळा हातातून सुटला, एवढेच. ते पाहून मला माझे बाबा आठवले.

बाबा हिंगणघाटच्या बाजारात हमाली करीत. तेव्हा धान्याचे पोते क्विंटलचे असे. हंगामात नवी, दांडगी पोरे कामाला येत आणि पहिल्या दिवशी पाठीवर पोते घेऊन धावत सुटत. बाबा म्हणत, "पयलं पोतं कोनीबी उचलते. संध्याकायचं पाहा." संध्याकाळचे पोते नेताना ज्याचा गुडघा सकाळसारखाच सरळ पडतो, त्याला ते वजन झेपते. ज्याचा पाय लटपटतो त्याला झेपत नाही, मग तो सकाळी कितीही धावलेला असो. बाबा शाळेत फार शिकले नव्हते. पण आज व्यायाम शिकवणारी जाणती माणसे वजन निवडायची जी रीत सांगतात, ती जवळपास हीच आहे.

ती रीत अशी. वजन घ्या आणि दहा-पंधरा वेळा उचला. शेवटच्या दोन-तीन वेळा जड वाटले, पण पाठ, कोपर, गुडघे पहिल्या वेळेसारखेच राहिले, तर ते तुमचे वजन. पाचव्यालाच अंग वाकडे झाले तर ते जड. गप्पा मारत पंचवीस वेळा उचलता आले तर हलके, थोडे वाढवा. गोळ्यावर किंवा डंबेल्सवर कितीचा आकडा लिहिला आहे, ते शेवटी पाहायचे. शेजारच्याने किती उचलले ते तर पाहायचेच नाही.

मग हलक्याने ताकद येते का? येते. शास्त्रज्ञांनी मोठ्या माणसांवर प्रयोग करून पाहिले आहेत. हलके वजन पुष्कळ वेळा, म्हणजे अगदी थकवा येईपर्यंत उचलले, तर स्नायू जड वजनाच्या व्यायामाइतकेच भरतात. मात्र एका दमात जास्तीत जास्त वजन उचलायची ताकद हवी असेल, तर कधी ना कधी जड वजनाकडे जावेच लागते. म्हणून 'हलकेच चांगले' असे मी म्हणणार नाही.

तुमच्या वयाची गोष्ट आणखी निराळी आहे. लहान वयात व्यायामाने ताकद वाढते, ती बरीचशी स्नायू फुगल्यामुळे नाही. मेंदू आणि मज्जातंतू स्नायूंना नीट कामाला लावायला शिकतात, म्हणून वाढते. सुंदर अक्षर काढायला बोटे जाड व्हावी लागत नाहीत ना? सराव लागतो. तसेच हे. आणि वाकड्या अंगाने जड उचलले, तर मेंदू ते वाकडेपणच शिकतो.

तुम्ही मायलोची गोष्ट वाचली असेल. ग्रीक पैलवान मायलो रोज एक वासरू उचलायचा. वासरू वाढत गेले, त्याची ताकदही वाढत गेली, शेवटी त्याने बैल उचलला! गोष्ट मोठी गमतीची, पण आमच्याकडे गोऱ्हे पाळणारी माणसे आहेत, त्यांना विचारा. गोरा इतक्या झपाट्याने वाढतो की माणसाची ताकद त्याला गाठूच शकत नाही. वजन वाढवायचे ते थोडे थोडे, हे मात्र त्या गोष्टीतले खरे.

ज्यांचे नाव जगात झाले, तेसुद्धा किलो-किलोनेच मोजतात. ३० जुलै २०२२ रोजी इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅमला राष्ट्रकुल स्पर्धेत सांगलीचा संकेत सरगर ५५ किलो गटात उतरला. एका झटक्यात डोक्यावर न्यायच्या प्रकारात त्याने ११३ किलो उचलले, आधी खांद्यावर घेऊन मग वर न्यायच्या प्रकारात १३५. एकूण २४८. पुढे १३९ उचलताना त्याचे कोपर दुखावले. तरी तो शेवटच्या प्रयत्नाला पुन्हा उभा राहिला, पण वजन वर गेले नाही. मलेशियाच्या खेळाडूचे एकूण वजन झाले २४९. एका किलोने सुवर्ण हुकले, रौप्य मिळाले. जिथे पदक एका किलोवर ठरते, तिथे आपण "आज दहा किलो वाढवून पाहू" म्हणतो, याची मला तरी भीतीच वाटते.

आता आईचा प्रश्न, उंचीचा. मुलांच्या हाडांच्या टोकांशी मऊ कूर्चेचा थर असतो. हाड तिथून लांब होते. वाढ पुरी झाली की तो थर हाडच होऊन जातो. पडल्याने किंवा वजन अंगावर आदळल्याने त्या थराला मोठी इजा झाली तर वाढीला धोका असतो, आणि लोकांच्या मनातली भीती बहुधा इथूनच आली. पण कुणी जाणत्याने शिकवलेल्या, बेताच्या वजनाच्या व्यायामाने उंची खुंटत नाही. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०२० साली हेच सांगितले आहे.

"मंग वजन उचलनारे बुटके कावून असतेत?" आईने विचारले. फार चांगला प्रश्न! बास्केटबॉल खेळणारे उंच असतात, ते खेळल्यामुळे उंच होत नाहीत. उंच मुलेच त्या खेळात पुढे जातात. वजन उचलताना ते डोक्यावर न्यायचे अंतर ठेंगण्या माणसाला कमी पडते, म्हणून त्या खेळात ठेंगणी माणसे पुढे जातात. मावळातल्या वडगावच्या हर्षदा गरुडने २०२२ साली ग्रीसमध्ये कनिष्ठ गटाच्या जागतिक स्पर्धेत ४५ किलो गटात सुवर्णपदक मिळवले. त्या स्पर्धेत सुवर्ण मिळवणारी ती पहिली भारतीय. स्वतःचे वजन ४५ किलोच्या आत आणि डोक्यावर नेले ८३ किलो! अशी खेळाडू सुरुवातीला काय उचलते, ठाऊक आहे? या खेळात नव्या मुलांच्या हाती आधी नुसती काठी देतात. काठीने जमले की मग लोखंडी दांडा.

आणि 'पोरींचा गोळा'? जगभरच्या स्पर्धांत १८ वर्षांखालच्या मुली ३ किलोचाच गोळा फेकतात. मुलांनाही आधी ५ किलो, मग ६, आणि मोठे झाल्यावर ७.२६. चारचा गोळा म्हणजे ऑलिंपिकमधल्या स्त्रियांचा गोळा. सोव्हिएत संघाच्या नताल्या लिसोव्स्काया यांनी १९८७ साली तो २२.६३ मीटर फेकला होता. आपल्या वर्गखोलीची लांबी पावलांनी मोजून पाहा, म्हणजे अंदाज येईल. शिवाय गोळा दूर जातो तो हात सुटतानाच्या वेगाने. नेहमी फार जड गोळा फेकला, तर हात सावकाश फेकायलाच शिकतो. मोठे खेळाडू थोडे जड आणि थोडे हलके असे दोन्ही गोळे वापरतात, ते यासाठीच.

हे सगळे मी मायलेकींना एकत्र बसवून सांगितले. पोरगी लगेच हो म्हणाली असे समजू नका. आठ दिवस रुसली होती. मग आम्ही जुन्या कापडाची जाड पिशवी शिवली आणि तिच्यात दोन किलो वाळू भरली. ती छातीशी धरून उठाबशा, वाकून पाठ सरळ ठेवून उचलणे आणि भिंतीला हात टेकून दंड. आठवड्यातून तीन दिवस, मधे विसावा. वाळू नसेल तर पाण्याच्या बाटल्या घ्या. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो, हे तुम्ही शिकलाच आहात. पण एकट्याने करू नका, घरातल्या मोठ्यांना समोर उभे करा आणि त्यांना तुमची पाठ पाहायला सांगा. आमच्याकडे ते काम आईच करते. "वाकली, वाकली!" म्हणून ती अशी ओरडते की चुलतभावांचेही कोपर सरळ होते.

चारचा गोळा अजून आमच्याकडे नाही. पिशवी मात्र आता साडेतीन किलोची झाली आहे. दर रविवारी ती किराणा दुकानाच्या काट्यावर ठेवली जाते आणि दुकानदार काका साखर तोलता तोलता विचारतात, "आज किती टाकली वं पोरी?"