अर्थिंग बघितलंस का?

२०२४ साली बाबा अमेरिकेतून दोन महिने आधीच का परत आले, हा प्रश्न आमच्या नातेवाइकांमध्ये अजून चघळला जातो. सुनेशी पटलं नाही इथपासून तब्येतीचं काहीतरी लपवताहेत इथपर्यंत सगळे अंदाज माझ्या कानावर आले आहेत. आत्याने तर फोनवर सरळच विचारलं, "काय बोललास रे त्यांना?" तर मंडळी, खरं कारण आज लिहून टाकतो. कारण होतं एक गंजलेला स्क्रू. हसू नका, सांगतो.

माझ्याकडे एक जुनी गाडी आहे, हे या ब्लॉगच्या वाचकांना माहीत आहेच. १९६६ सालची फोर्ड मस्टँग, उघड्या टपाची. केवढ्याला घेतली ते लिहीत नाही, कारण बायको हा ब्लॉग वाचते. मस्टँग पहिल्यांदा लोकांसमोर आली १७ एप्रिल १९६४ला, न्यूयॉर्कच्या वर्ल्ड्स फेअरमध्ये, आणि ती बनायची डिअरबॉर्नला, म्हणजे मिशिगनमधल्या आमच्या घरापासून अर्ध्या तासावर. आमच्या भागात या जुन्या गाड्यांचं वेड म्हणजे पुण्यातलं ढोलपथकांचं वेड समजा. ऑगस्टच्या तिसऱ्या शनिवारी वुडवर्ड अ‍ॅव्हेन्यूवर 'ड्रीम क्रूझ' असते. १९९५पासून चालू आहे. हजारो जुन्या गाड्या दिवसभर नुसत्या या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरतात आणि लोक फुटपाथवर खुर्च्या टाकून बघत बसतात. बस्स, एवढंच. पण मजा येते.

माझ्या गाडीचा कापडी टप बटणावर उघडतो. म्हणजे उघडायला हवा. मागच्या सीटच्या पाठीमागे एक इलेक्ट्रिक मोटर आणि तिला जोडलेला छोटा ऑइल पंप असतो. पंपातून दोन्ही बाजूंच्या सिलिंडरांना नळ्या जातात. मोटर एका दिशेने फिरली की ऑइल सिलिंडरच्या खालच्या भागात जातं आणि दांडे बाहेर येऊन टप उभा राहतो. उलटी फिरली की दांडे आत जातात, टप घडी होऊन मागे झोपतो. साठ वर्षांपूर्वीची करामत आहे, कॉम्प्युटर वगैरे काही नाही. जेसीबीचा हात उचलला जातो त्याच तत्त्वावर.

तर बाबा. आई २०२३मध्ये गेली. बाबा सांगवीच्या फ्लॅटमध्ये एकटे. वय अठ्ठ्याहत्तर. मे महिन्यात त्यांना इकडे घेऊन आलो, ऑक्टोबरअखेरचं परतीचं तिकीट काढून. पण माझ्या मनात वेगळंच होतं. त्यांना कायमचं इथे ठेवायचं, ग्रीन कार्डचे फॉर्म भरायचे, सांगवीचा फ्लॅट विकून टाकायचा. फॉर्म डाउनलोड करून झाले होते. एजंटशी दोनदा बोलणंही झालं होतं. फक्त बाबांना विचारायचं राहिलं होतं.

बाबा काही बोलायचे नाहीत. सकाळी उठून स्वतःचा चहा करायचे, खिडकीशी बसायचे, जेवायचे, पुन्हा खिडकी. मी बघायचो आणि काहीतरी आणायचो. आधी मराठी चॅनेल घेतले. मग चालायचे बूट, मग कॅरम, मग नवीन कानाचं मशीन. (चौतीस वर्षं दापोडीला एसटीच्या कार्यशाळेत काढली, त्यात कान गेले. मशीन डबीत असतं, डबी कपाटात.) एकदा शंभर मैल ड्रायव्हिंग करून ओळखीच्यांकडे सत्यनारायणाला नेलं. बाबा गेले, प्रसाद खाल्ला, परत येऊन खिडकीशी बसले. मी इंजिनिअर माणूस. एक उपाय चालला नाही की दुसरा, हे माझं तंत्र. नक्की बिघडलंय काय हे विचारायचं सुचलं नाही.

जुलैच्या सुरुवातीला टपाने राम म्हटला. बटण दाबलं की काहीच नाही. घर्र नाही की फुर्र नाही. ड्रीम क्रूझ सहा आठवड्यांवर.

मी मल्टिमीटर घेऊन बसलो. मागची सीट काढली, मोटरचं कनेक्टर सुटं केलं, मीटरची काळी पिन दाराच्या एका स्वच्छ बोल्टला लावली, बटण दाबलं तर बारा व्होल्ट. उलट्या बाजूला दाबलं, दुसऱ्या वायरीवर बारा व्होल्ट. म्हणजे फ्यूजच्या जागी असणारा सर्किट ब्रेकर ठीक, स्विच ठीक, वायरी ठीक. मोटरची काळी वायर गाडीच्या पत्र्याला जोडलेली असते, तीही मीटरवर तपासली. मीटरने 'पीं' केलं. म्हणजे जोडणी आहे. निष्कर्ष, मोटर जळाली. नवीन पंप आणि मोटर मागवली, शनिवार घालवून बसवली, बटण दाबलं...

काहीच नाही.

त्या संध्याकाळी मी जे काही बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही. मग ठरवलं की स्विचही बदलून टाकू आणि वायरिंगही सगळं नवीन घालू. कॅटलॉग उघडून बसलो होतो. तेवढ्यात बाबा चहाचे दोन कप घेऊन गॅरेजमध्ये आले. दोन महिन्यांत पहिल्यांदा.

"हाताने उघडतो का टप?"

मी म्हटलं, "बाबा, प्रॉब्लेम इलेक्ट्रिकल आहे."

ऐकू आलं नाही, किंवा ऐकलं नाही. त्यांनी काचेच्या वरचे दोन्ही खटके सोडले आणि "पकड तिकडून" म्हणाले. मागची प्लास्टिकची खिडकी चेन उघडून खाली घेतली आणि दोघांनी मिळून टप उचलला. जड होता, पंपातून ऑइल सरकायला वेळ लागत होता, पण कुठे अडकत नव्हता. "सांगाडा चांगलाय," बाबा म्हणाले. तेव्हा कळलं, ही त्यांची पहिली पायरी होती. सांगाडाच अडकला असेल तर वीज तपासून काय उपयोग? मला ते सुचलंही नव्हतं.

मग मागे बसले आणि हाताचा तळवा मोटरवर ठेवला. "दाब." मी बटण दाबलं. "थरथरत नाही." कानांनी ऐकायचं ते काम आता हात करत होता. "ब्रेकलाइटचा बल्ब आहे का एखादा जास्तीचा?"

मी मीटर पुढे केला. त्यांनी तो कौतुकाने बघितला आणि बाजूला ठेवला. बल्बला दोन वायरीचे तुकडे बांधले. एक टोक मोटरकडे येणाऱ्या वायरीला, दुसरं दाराच्या त्याच बोल्टला. बटण दाबल्यावर बल्ब लख्ख पेटला. मग दुसरं टोक बोल्टवरून काढून मोटरच्या काळ्या वायरीला लावलं, जिथे ती मोटरला मिळते तिथे.

बल्ब काजव्यासारखा मिणमिणला.

"अर्थिंग बघितलंस का?"

"बघितलं ना! मीटर वाजला!"

"मीटर वाजेल रे. मीटरला काय, चिमूटभर करंट पुरतो. बल्बला मूठभर लागतो. मोटरला पोतंभर."

आता वाचकांतल्या तांत्रिक मंडळींसाठी थोडं विस्ताराने. मीटरचा तो 'पीं' वीस-एक ओहमचा अडथळा असला तरी वाजू शकतो. बारा व्होल्टच्या गाडीत वीस ओहम म्हणजे फार तर ०.६ अँपिअर. या मोटरला दहाच्या पटीत अँपिअर लागतात. ती हलणार कशी? आणि मी व्होल्ट मोजले तेव्हा कनेक्टर सुटं होतं, काळी पिन चांगल्या बोल्टला होती. म्हणजे जी जागा खराब होती तिला मी मोजमापातूनच वगळलं होतं! शिवाय आवाज होऊ नये म्हणून ही मोटर रबराच्या गोट्यांवर बसवलेली असते, त्यामुळे पत्र्याला तिचा दुसरा कुठून संपर्क नाही. त्या एका काळ्या वायरीवर सगळी भिस्त. नवीन मोटर त्याच खराब जागेला जोडून मी जुन्याच बिघाडाला नवीन वस्तू दिली होती.

काळ्या वायरीचं थिंबल एका स्क्रूने पत्र्याला लावलं होतं. स्क्रू काढला. माझ्या आधीच्या कुठल्यातरी मालकाने गाडी रंगवताना थिंबलखालीही रंग मारला होता आणि त्यावर तांबूस गंज चढला होता. बाबांनी पॉलिश पेपर मागितला आणि पत्रा घासायला लागले. मी "द्या, मी करतो" म्हटलं. नाही दिला. रुपयाएवढी जागा चांदीसारखी चमकेपर्यंत घासली, थिंबल घासलं, स्क्रू नवीन घेतला, खाली दातेरी वायसर घातला. घासता घासता बोलायला लागले. पावसाळ्यात निम्म्या गाड्या याच कारणाने डेपोत यायच्या म्हणे. नवीन लागलेली पोरं धडाधड स्टार्टर बदलायची. "माल गेला एवढं सगळे बघतात. करंट नुसता जाऊन चालत नाही, त्याला परत यायला वाट लागते. ती कुणी बघत नाही."

इतकी वाक्यं मी त्यांच्या तोंडून दोन महिन्यांत ऐकली नव्हती.

बटण दाबलं. घर्रर्र! टप उठला, पण वाकडा, धक्के खात, डावी बाजू पुढे आणि उजवी मागे. मी घाबरलो. बाबा म्हणाले, "हवा आहे नळ्यांत." पंप बदलताना हवा शिरलेली असणार. टाकीत ऑइल भरलं आणि टप चार-पाच वेळा पूर्ण वर, पूर्ण खाली केला. दर वेळी हवा टाकीत परतत गेली, दर वेळी पुन्हा थोडं ऑइल घातलं. सहाव्या वेळी टप असा उठला जसा लग्नातला आंतरपाट सरळ धरलेला असतो. (ऑइलबद्दल एक सूचना. या जुन्या गाड्यांत कुणी ब्रेकचं ऑइल घालतं, कुणी ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं. आधी कुठलं आहे ते बघा, दोन्ही एकत्र करू नका. ब्रेकचं ऑइल सांडलं तर रंग खातं.)

रात्री जेवणं झाल्यावर बाबा पुन्हा खिडकीशी बसले होते. मी शेजारी जाऊन बसलो. दिवसभर डोक्यात एकच फिरत होतं. या माणसाने एकही वस्तू विकत न आणता, नुसतं क्रमाने तपासत जाऊन दोष शोधला. आणि मी दोन महिने वस्तू आणतोय. तो बल्ब लावून बघायचा तर एकच प्रश्न विचारायचा होता आणि तो मी मुद्दाम टाळत होतो, कारण उत्तर मला नको होतं.

शेवटी विचारलं. "बाबा, तुम्हाला परत जायचंय का?"

मशीन कानात नव्हतं. पण हे त्यांना ऐकू गेलं.

"तिकीट बदलायला किती पडतात?"

एवढंच. मग थोड्या वेळाने, "सोसायटीचा गणपती आहे. लायटिंग मीच करतो दरवर्षी. गेल्या वर्षी तुझ्या आईमुळे नाही केलं. यंदा पोरांनी कसंतरी करून ठेवलं तर शॉक लागायचा कुणाला."

मी फॉर्मांचं सांगितलं, फ्लॅटच्या एजंटचंही. रागावतील असं वाटलं होतं. रागावले नाहीत. बराच वेळ हाताला लागलेला काळपटपणा अंगठ्याने घासत बसले आणि म्हणाले, "विचारायचंस ना रे." ते अजून टोचतं.

१७ ऑगस्टला वुडवर्डवर गेलो. टप खाली, बाबा पुढच्या सीटवर, डोक्यावर गांधी टोपी. कुणीतरी फुटपाथवरून ओरडून गाडीची तारीफ केली तर बाबांनी हात जोडून नमस्कार केला. महिन्याच्या शेवटी त्यांना विमानात बसवलं. ७ सप्टेंबरला गणपती बसले, संध्याकाळी त्यांनी रोषणाईचा फोटो पाठवला. फोटो हललेला होता, पण माळा सगळ्या पेटलेल्या होत्या.

काळजी वाटते का? वाटतेच. रात्री दोनला फोन वाजला की पोटात गोळा येतो. ते तिकडे एकटे आहेत आणि मी इकडे आहे, याला कुठलाच स्क्रू नाही घट्ट करण्यासारखा. दर रविवारी फोन करतो आणि आता आधी विचारतो, मग ऐकतो. जेवणखाण, पाणी, सोसायटीतल्या कुणाचा मिक्सर दुरुस्त केला, हे सगळं झालं की ते विचारतात, "टप चालतो ना?" दर वर्षी थंडी संपली की मी मागची सीट काढून तो स्क्रू घासतो आणि त्यांना कळवतो.

तर आत्या, मी त्यांना काही बोललो नाही. नुसतं विचारलं. दोन महिने उशिराच, पण विचारलं.

असो. पुढच्या वेळी कार्ब्युरेटर.