जुना भाडेकरू

मुंबईच्या कोणत्याही घरमालकाला विचारा, जुना भाडेकरू काही केल्या हलत नाही. माझ्या ओठाच्या डाव्या कोपऱ्यात असाच एक भाडेकरू चाळीस वर्षे ठाण मांडून आहे. ताप आला, उन्हात फिरणे झाले, की तो पुरळाच्या रूपाने दारात उभा राहतो आणि आठ-दहा दिवसांनी आत निघून जातो. आई म्हणायची, “अंगातला ताप बाहेर पडला.” डॉक्टर त्याला हर्पिस सिम्प्लेक्स म्हणतात. एकदा शिरला, की हा विषाणू मज्जातंतूंच्या मुळाशी जन्मभर मुक्काम करतो.

गेल्या वर्षी माझ्या भाचीचे लग्न ठरले. वधूवरांनी रक्त तपासून घेतले आणि हिच्या कागदावर आले, ‘हर्पिस १, आयजीजी पॉझिटिव्ह.’ घरात सुतकी शांतता पसरली. भावोजींनी एकच विचारले, “कोण तो?” पोर माझ्याकडे येऊन रडत म्हणाली, “मावशी, मी काही केलं नाही गं!”

तो कागद घेऊन मीच भावोजींकडे गेले. म्हटले, आयजीजी म्हणजे शरीराने जपलेली जुनी आठवण. विषाणूशी कधीतरी गाठ पडली, एवढेच ती सांगते. कधी, कुठे, कुणाकडून, हे सांगत नाही. पहिला प्रकार बहुधा लहानपणीच घरच्यांच्या पाप्यांतून येतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० सालच्या अंदाजाप्रमाणे पन्नाशीच्या आतल्या शंभरांपैकी ६४ जणांत तो आहे. दुसरा प्रकार मुख्यतः शरीरसंबंधातून येतो. पण तिथेही आकडा जेमतेम मर्यादेपलीकडे असला, तर दुसऱ्या पद्धतीने खात्री करून घ्यावी लागते. आयजीएम चाचणी तर फसवीच.

भावोजी बराच वेळ गप्प होते. मग ओठाला बोट लावून म्हणाले, “उन्हाळ्यात मलाही येतो की हा!”

लग्न थाटात झाले. ताईने मात्र आता नवा आरोपी धरला आहे, चिवड्यातले शेंगदाणे! त्यालाही मूळ आहे. या विषाणूला वाढायला आर्जिनिन लागते, असे प्रयोगशाळेत १९६४ साली दिसले. ते दाणे, तीळ, काजू, चॉकलेट यांत भरपूर असते. म्हणून दाणे सोडा, दूध-दह्यातले लायसिन वाढवा, असा सल्ला निघाला. पण काचेच्या बशीतल्या पेशी वेगळ्या आणि फराळाच्या बशीपुढचा माणूस वेगळा. लायसिनने पुरळ टळते असा पुरावा कॉक्रेनच्या २०१५ च्या आढाव्यात सापडला नाही. एखाद्याला एखादा पदार्थ दर वेळी बाधला, तर त्याने तो खुशाल टाळावा. एरवी दाण्यांना दोष देणे म्हणजे चोर सोडून संन्याशाला फाशी! ताप, ऊन, दगदग आणि मनस्ताप, हे खरे चोर.

पथ्य पाळायचे ते वेगळेच. ओठावर पुरळ असताना तान्ह्या बाळाची पापी घेऊ नये. नवजात बाळाच्या ते जिवावर बेतू शकते. भाचीला नुकताच मुलगा झाला आहे. माझा भाडेकरू दारात उभा असला, की मी लांबूनच त्याची अलाबला घेते.